जुन्या व्हर्जनमधली मावशी

ज्या वर्षी माझ्या नातीचे पुढचे दोन दात पडले आणि त्याच आठवड्यात माझी कवळी आली, त्या वर्षाची ही गोष्ट. त्या वर्षी घरात कोणाचा धड फोटो निघाला नाही. एकीला हसायची लाज आणि दुसरीला बोलायची!

आधीच सांगून ठेवते, मला कॉम्प्युटरची भीती वाटत नाही. अजिबात नाही! जिने एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात मावशी म्हणून काढली, बेशुद्ध पेशंटच्या शुद्धीवरच्या नातेवाइकांना आवरलं, ती बाई एका डब्याला घाबरणार? डब्याची निदान वायर काढता येते. नातेवाइकांना वायर नसते.

मी अक्षरं शिकले शेहेचाळिसाव्या वर्षी. आमच्या मोठ्या सिस्टरांनी शिकवली, दुपारच्या चहाच्या वेळी, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांवरची लेबलं दाखवून. मी आयुष्यात वाचलेले पहिले शब्द होते ‘हलवून घ्या’. अजूनही नवं पुस्तक हातात आलं की माझा हात आपोआप ते थोडं हलवतो.

निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता आराम. पण आमच्या सूनबाईने घरातच काम सुरू केलं. काम असं, की डॉक्टर लोक पेशंटला तपासून झाले की छोट्या यंत्रात बोलून ठेवतात. याला काय झालंय, काय दिलंय, पुढे काय करायचंय. तो आवाज आमच्या घरी येतो. सूनबाई कानाला हेडफोन लावून ऐकते, टाइप करते आणि रिपोर्ट तयार करून हॉस्पिटलला पाठवते. डॉक्टरांना लिहायचा कंटाळा, म्हणून आमच्या घरी दोन पैसे येतात.

यात मी शिरले ती भाजी निवडता निवडता. सूनबाई एकदा हेडफोन काढून, मोठा आवाज करून एकच वाक्य अकरा वेळा ऐकत होती आणि कपाळाला हात लावत होती. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “अगं, ‘टाके सातव्या दिवशी काढावेत’ म्हणतोय तो!” ती टाइप करायचं थांबवून माझ्याकडे बघतच राहिली. अगं बाई, एकतीस वर्षं हेच पुटपुटणं ऐकत मी फरशा पुसल्या! माझ्या कानांचं शिक्षण माझ्या डोळ्यांच्या कितीतरी आधी झालं होतं.

तेव्हापासून मी तिचा दुसरा कान झाले. ती टाइप करणार, मी ऐकत ऐकत तपासणार. या कामाचा एक कडक नियम आहे. डॉक्टर जे बोलले तेच लिहायचं, मनाचं एक अक्षर घालायचं नाही. शंका आलीच तर रिपोर्टाला हात न लावता बाजूच्या समासात शेरा लिहायचा. ती सोय त्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्येच असते. बाजूला एक फुगा येतो, त्यात लिहायचं. सूनबाई शेवटी सगळे शेरे वाचायची, शंका दूर करायची, शेरे पुसायची आणि मग फाइल पाठवायची.

आता शेरे कामाचेच लिहावेत हे मला मान्य आहे. पण माणूस दिवसभर ऐकत बसला की त्याला मन मोकळं करावंसं वाटतंच ना? आणि पुसायला सूनबाई होतीच!

तर त्या वर्षी माझ्या जुन्या हॉस्पिटलनेच सूनबाईला काम देऊन बघायचं ठरवलं. सात दिवसांची परीक्षा. सातव्या दिवशी दुपारी एक वाजता डॉक्टरांची मीटिंग आणि त्यात फैसला. सूनबाईने यासाठी दुसऱ्या दोन दवाखान्यांची कामं सोडली होती. म्हणजे हे मिळालं तर सगळं मिळालं, नाहीतर हेडफोन कपाटात आणि सूनबाई पुन्हा दुसऱ्याच्या ऑफिसात, रोज दीड तास जायला नि दीड तास यायला. सहा दिवस रिपोर्ट वेळेवर गेले. तक्रार नाही, चूक नाही. सूनबाई झोपेतसुद्धा हसायला लागली होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आमचे चिरंजीव एक मोठं खोकं घेऊन आले. चिरंजीव बसच्या आगारात वेळापत्रकं लावतात. त्यामुळे कुठली गोष्ट कुठल्या वेळी करू नये, एवढं सोडून त्यांना वेळेतलं सगळं कळतं.

“सरप्राइज! नवा कॉम्प्युटर!”

“आणि माझा जुना?” सूनबाईने विचारलं.

“दुकानदाराने बदल्यात घेतला. दुपारी तू बाजारात गेलीस ना, तेव्हाच नेला! फायली सगळ्या यात आहेत. शिवाय सगळ्यात नवं व्हर्जन टाकून घेतलंय!”

“परीक्षेचा एकच दिवस राहिला असताना?”

“म्हणून तर! शेवटच्या दिवशी धमाका!”

धमाका झाला. मी नाही म्हणत नाही.

त्या रात्री जेवणाआधी सूनबाईने शेवटचे चोवीस रिपोर्ट नव्या डब्यावर टाइप केले. सकाळी उठल्या उठल्या मी तपासले. शेरेही लिहिले, एकोणीस. सगळ्यात नवं व्हर्जन असल्यामुळे फुगे फार सुंदर येत होते. कदाचित म्हणूनच जरा जास्त लिहिले गेले. मग मी चहा ठेवायला गेले आणि जाता जाता माझा हात कुठेतरी लागला. कुठे ते विचारू नका. फुगे अदृश्य झाले. मला वाटलं, नवं व्हर्जन आहे, काम झालं की आवरून ठेवत असेल.

सूनबाई येऊन बसली. एक एक फाइल बघितली.

“आई, आज एकही शेरा नाही?”

मला वाटलं, तिने पुसले आणि आता मला टोमणा मारतेय. मी म्हटलं, “वय झालं गं. किती बोलायचं माणसाने!”

तिला वाटलं, मी लिहिलेच नाहीत. “वा आई! सुधारलात की!” ती म्हणाली, आणि दोघीही एकमेकींवर खूश होऊन चहा प्यायलो. आमच्या घरातलं ते सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग भांडण, जे झालंच नाही!

साडेनऊला सूनबाई निघाली. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

“आई, चोवीस फायली तयार आहेत. दहा वाजले की फक्त हे बटण दाबायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. माझा फोन आत बंद ठेवावा लागेल. जमेल ना?”

“त्यात काय!” मी म्हटलं.

मी गेल्यावर माझ्या फोटोखाली कोणी काही लिहिणार असेल तर हे दोन शब्द लिहा.

दहाला बटण दाबलं. सव्वादहाला फोन वाजला. हॉस्पिटलच्या नोंदणी खोलीतले कारकून. मी नोकरीत असल्यापासून त्याच खुर्चीवर, त्याच खिडकीकडे पाठ करून बसलेले. त्यांचं एक वाक्य ‘नियमाप्रमाणे’ या शब्दाशिवाय पुरं होत नाही.

“मावशी, नियमाप्रमाणे फायली मिळाल्या. पण उघडल्या की आत अक्षरं नाहीत.”

“मग काय आहे?”

“चौकोन. छोटे छोटे चौकोन. ओळीच्या ओळी.”

“घाबरू नका. मी शेहेचाळीस वर्षं चौकोनच वाचले. सवय होते.”

“मावशी, एक वाजता मीटिंग आहे! साडेबारापर्यंत कागद वर गेले नाहीत, तर नियमाप्रमाणे तुमची सून नापास!”

सूनबाईचा फोन बंद. मी कवळी नीट बसवली, खुर्ची पुढे ओढली आणि विचार केला. कारकुनांचं वय काय? निवृत्तीला आलेले. चष्मा काय? बाटलीच्या बुडासारखा. मग आणखी काय! मी चोवीसच्या चोवीस फायलींमधली अक्षरं दुप्पट मोठी केली आणि पुन्हा पाठवली.

“आता?”

“आता मोठे चौकोन आले.”

मी चिरंजीवांना फोन लावला. मागे बसगाड्या अशा गुरगुरत होत्या की जणू त्यांनाही या विषयावर मत होतं.

“आई, त्यांचा कॉम्प्युटर जुना असेल. आपलं व्हर्जन नवं. नव्याने लिहिलेलं जुन्याला कळत नाही.”

“हे मला तुझं लग्न झाल्यापासून माहीत आहे. उपाय सांग!”

“फाइल सेव्ह करताना खाली एक यादी येते. त्यातून त्यांना चालेल असा प्रकार निवड. अरे, ती सात नंबर आधी काढ! सात नंबर!”

“सात नंबर काढू?”

“तुला नाही गं! ड्रायव्हरला!”

पण तोवर मी सातवा प्रकार निवडला होता. चोवीस फायली गेल्या. लगेच कारकुनांचा फोन आला.

“मावशी, अक्षरं आली!”

“बघा!”

“पण तक्ते मोडले. सगळं एका ओळीत आलंय. पहिल्या पेशंटचं वय एकशे चाळीस आणि रक्तदाब बावन्न वर्षं. दुसऱ्या बाईंना रोज दोन वेळा जेवणानंतर अडुसष्ट किलो द्यायचं आहे.”

“कसलं?”

“त्याच बाई, बहुतेक.”

घड्याळात साडेअकरा. डोळ्यांसमोर सूनबाई दिसायला लागली, रोज दीड तास जायला नि दीड तास यायला, डबा मांडीवर घेऊन. मी पुन्हा ती यादी उघडली. हलवून बघता येत नव्हती, म्हणून बोट लावून एक एक अक्षर वाचली, जशी बाटल्यांवरची वाचायचे. नवव्या ओळीत सापडलं! ‘जुन्या व्हर्जनसाठी’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी नको तिथे कान उघडे ठेवून आणि हवे तिथे डोळे मिटून बसले होते!

चोवीस फायली, एक एक करून, जुन्या व्हर्जनमध्ये. बारा वाजून पाच मिनिटांनी पाठवल्या.

फोन. “मावशी! उघडलं! चौकोन नाहीत, तक्ते जागेवर, वय वयाच्या जागी! मावशी, तुम्ही इंजिनियर आहात!”

“त्यात काय!” मी म्हटलं. (मी म्हटलं होतं ना, हे दोन शब्द लिहा म्हणून.)

दोन तास बोलून बोलून हिरड्या सोलवटल्या होत्या. मी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली, पाय पसरले, आणि स्वतःला एक कप चहाचं बक्षीस जाहीर केलं. तेवढ्यात पुन्हा फोन.

“मावशी, सगळे छापले, टाचणी मारली, वर पाठवले. आठ डॉक्टर, आठ गठ्ठे. फक्त एक विचारायचं होतं.”

“हं?”

“छापल्यावर बाजूला लाल रंगात काय आलंय हे? मी कागद नियमाप्रमाणे न वाचताच वर पाठवतो, पण एक पान खाली पडलं म्हणून दिसलं. लिहिलंय, ‘इथे डॉक्टरांनी केळं खाल्लं. एक घास यकृताच्या आधी, एक यकृतानंतर.’”

माझ्या हातातून चहाची साखर सांडली. फुगे! पुसले नव्हते, फक्त लपले होते! आणि हॉस्पिटलच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला लपवाछपवी येतच नव्हती. त्याने जे पोटात होतं ते सगळं ओकून टाकलं होतं, तेही लाल रंगात!

एकोणीसच्या एकोणीस शेरे डोळ्यांपुढे आले. ‘इथे जांभई. तीन सेकंद. स्वच्छ ऐकू येते.’ ‘इथे बायकोचा फोन आला. “येतो गं, येतो गं” हे रिपोर्टात घ्यायचं का?’ ‘हेच वाक्य काल होतं, परवाही होतं. तपासतात की पाठ म्हणतात?’ आणि सगळ्यात भयंकर तो अकरावा. तो मोठ्या डॉक्टरांबद्दल होता. मोठे डॉक्टर म्हणजे हाडांचे. आज हॉस्पिटलचे प्रमुख, त्यांच्यापुढे भिंतीवरची पालसुद्धा रांगेत उभी राहते. पण मी त्यांना शिकाऊ असल्यापासून ओळखते! अकराव्या शेऱ्यात मी लिहिलं होतं, ‘हा पोरगा अजून तसाच पुटपुटतो. शिकाऊ होता तेव्हा चादरींच्या कपाटात झोपायचा. मीच उठवायचे.’

मी धावले. अशी धावले की पाठीमागे दार उघडं, गॅसवर आधण, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात चिरंजीवांची! (नंतर शेजारणीने गॅस बंद केला. तिचे उपकार आहेत, ती रोज आठवण करून देते.) हॉस्पिटल आमच्या घरापासून पंधरा मिनिटं. मी नऊ मिनिटांत पोचले. जिन्यावर जुना शिपाई भेटला.

“अरे मावशी! निवृत्त होऊन किती वर्षं झाली? आज फरशी पुसायला आलात का?”

मी त्याला “बाजूला हो” म्हटलं. त्याला काय ऐकू आलं देव जाणे. तो म्हणाला, “तुम्हालाही!” आणि नमस्कार करून बाजूला झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कवळी पेल्यात आहे.

मीटिंगच्या खोलीचं दार ढकललं. आठ डॉक्टर लांब टेबलाभोवती. सात जण कागदात तोंड खुपसून हसत होते. पोटाचे डॉक्टर लाल झाले होते आणि त्यांनी पुढ्यातलं केळं हळूच फाइलखाली सरकवलं. छातीच्या डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणत होत्या, “तीन सेकंद! मोजली कोणी?” एकटे मोठे डॉक्टर हसत नव्हते. ते एक कागद डोळ्यांजवळ धरून बसले होते.

“हा शेरा कोणी लिहिला?”

मी पुढे झाले. हात जोडले. तोंड उघडलं.

“फाहेब, फुनेची काय फूक नाय, फगळी माझी...”

“काय?” मोठे डॉक्टर म्हणाले. “काही कळलं नाही. जरा स्पष्ट बोला!”

ऐकलंत? ज्याचं पुटपुटणं ऐकून ऐकून आमच्या घराच्या कानांना घट्टे पडले, तो मला म्हणतो स्पष्ट बोला! मी पुन्हा सांगितलं. पुन्हा नुसती वाफ. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पोटाच्या डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि बसायला खुर्ची ओढली, त्यांना वाटलं झटका आलाय.

भिंतीवर पांढरा फळा होता. मी सरळ जाऊन खडूसारखा तो पेन उचलला आणि लिहायला लागले. माझं अक्षर लेबलासारखं आहे, ठळक आणि सरळ, कारण ते लेबलांवरूनच आलंय. मी लिहिलं:

‘शेरे माझे. सुनेला माहीत नाही. तिला काम द्या.’

मला वाटलं, एवढ्याने भागायचं नाही, मूळ अपराधाचं बोललं पाहिजे. म्हणून खाली लिहिलं:

‘चादरींच्या कपाटाचं मी तीस वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं.’

“कुठल्या कपाटाचं?” छातीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

आठ गठ्ठ्यांची पानं फडफडली. अकरावा शेरा सातही जणांना एकदम सापडला. जे हसू आलं त्याने म्हणे खालच्या मजल्यावरचा एक पेशंट उठून बसला, आणि त्याला दोन दिवस कोणी उठवू शकलं नव्हतं.

मोठे डॉक्टर कपाळावर हात ठेवून म्हणाले, “मावशी, मी गुडघ्याचं विचारत होतो.”

“कफला गुलघा?”

त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला. तो सतरावा रिपोर्ट. समासात माझाच शेरा: ‘वर म्हणाले उजवा गुडघा, सहीच्या आधी म्हणाले डावा. उद्या सुरी कुठे लावणार? विचारून घ्या.’ हा शेरा कामाचा होता हो! एकोणिसांतला एक! पण सूनबाईला तो दिसलाच नव्हता, मग ती विचारणार कोणाला?

“मी असं म्हणूच शकत नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी खिशातून ते छोटं यंत्र काढलं, तो रिपोर्ट शोधला आणि लावला. खोलीभर त्यांचा आवाज घुमला. लांबच्या डोंगरावर कोणीतरी पोतं ओढतंय असा. आठही डॉक्टर कान पुढे करून बसले. मोठे डॉक्टर स्वतः सगळ्यात पुढे.

“काय म्हणालात, सर?” एकाने विचारलं.

“थांबा... ‘पेशंटला’... नाही. मी काय म्हणालोय हे?”

मी वळले आणि यंत्र चालू असतानाच फळ्यावर उतरवायला लागले. पेशंटचं वय बासष्ट, निवृत्त शाळामास्तर. दोन वर्षं उजव्या गुडघ्यात वेदना. जिने चढता येत नाहीत. रक्तदाब ठीक. साखर ठीक. परवा सकाळी (बोलले कालच, म्हणजे आता उद्या) डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. मधला खोकला मी कंसात लिहिला, सवयीने. यंत्र थांबलं आणि माझा पेनही. ‘उजव्या’ आणि ‘डाव्या’ या दोन शब्दांखाली मी रेघा मारल्या.

आता कोणी हसत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी फोन उचलून वॉर्डात लावला. “सिस्टर, उद्याच्या मास्तरांना विचारा, कुठला गुडघा दुखतो?”

आम्ही सगळे वाट बघत होतो. फोनमधून सिस्टरांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “सर, उजवा म्हणतात. डावा उत्तम आहे. डाव्यावर उभं राहून दाखवताहेत. मास्तर, पुरे, उतरा! कॉटवरून उतरा!”

मोठ्या डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतला आणि कागदावरचा ‘डावा’ खोडून ‘उजवा’ केला, सही केली. “ऑपरेशनच्या आधी तिथे आम्ही पुन्हा तपासतोच,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण तपासणारा मीच असतो.”

मग त्यांनी मीटिंगकडे बघितलं. “काम यांच्या सुनेला. कोणाची हरकत?”

“माझी नाही,” पोटाचे डॉक्टर म्हणाले, “पण माझं केळं यातून वगळता येईल का?”

“नियमाप्रमाणे नाही,” दारातून कारकून म्हणाले. छापून वर गेलेला कागद परत येत नसतो, हे सांगायला ते मुद्दाम दोन मजले चढून आले होते.

“आणि मावशी,” मोठे डॉक्टर म्हणाले, “शेरे बंद करू नका. फक्त रिपोर्टावर नको. वेगळ्या कागदावर, थेट माझ्याकडे.”

मी मान हलवली. जाता जाता ते माझ्या कानाशी आले आणि काहीतरी पुटपुटले. बाकी कोणाला कळलं नाही, मला कळलं. ते म्हणाले, “त्या कपाटाला आता कुलूप आहे. मी परवाच बघून आलो.”

तीन वाजता सूनबाई घरी आली. आईचा डोळा उत्तम, तिचा चेहरा फुललेला. मी कवळी घालून, केस विंचरून, दोन्ही पायांत माझ्याच चपला घालून बसले होते.

“आई, पाठवलंत ना?”

“पाठवलं की! चार वेळा!”

मग तिला सगळं सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग खुर्चीवर बसली आणि इतकी हसली की तिला उचकी लागली. मी पाणी दिलं. हसून झाल्यावर म्हणाली, “मी तुम्हाला फक्त एक बटण दाबायला सांगितलं होतं!” आणि मग उठून माझ्या गळ्यात पडली. हे तिने लग्नापासून पहिल्यांदा केलं. त्यामुळे माझी कवळी सटकली आणि त्या प्रसंगाला जे बोलायला हवं होतं ते राहून गेलं.

चिरंजीव संध्याकाळी आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या नव्या कॉम्प्युटरमुळे काम मिळालं!” त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पक्का बंदोबस्त केला. सूनबाईने मला जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह कसं करायचं ते नीट शिकवलं. मी मोठ्या अक्षरात सगळं लिहून भिंतीवर चिकटवलं: आधी शेरे दाखवा, मग वेगळ्या कागदावर उतरवा, मग पुसा, मग नववी ओळ, मग पाठवा. महिनाभर घोकलं. आठवड्याच्या आठवडे एकही चौकोन गेला नाही. मी शेजारणीला सांगितलं, आता मला डोळे मिटून जमतं. त्यात काय!

आणि मग एक दिवस कारकुनांचा फोन आला. हॉस्पिटलने नोंदणी खोलीत नवा कॉम्प्युटर घेतला होता. आमच्याहूनही नवं व्हर्जन!

“मावशी, तुमच्या फायली उघडतात, पण वर पिवळी पट्टी येते. ‘ही फाइल फार जुन्या पद्धतीची आहे, उघडणं धोक्याचं आहे’ असं म्हणते. नियमाप्रमाणे मी धोका पत्करू शकत नाही.”

भिंतीवरचा कागद मी काढला नाही. उलट्या बाजूला आता नवीन लिहिलंय.

मास्तर मजेत आहेत, जिने चढतात, दोन्ही पायांवर. मोठे डॉक्टर अजून पुटपुटतात. पोटाच्या डॉक्टरांनी केळं सोडलं, आता सफरचंद खातात, ते जास्त ऐकू येतं. नातीला नवे दात आले, माझी कवळी मात्र तीच आहे.

गेला तो फक्त हॉस्पिटलचा जुना कॉम्प्युटर, ज्याला काही लपवता येत नव्हतं. मी नववी ओळ पाठ केली त्याच महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, माझीच फाइल उघडता उघडता. वय सतरा वर्षं.